डायल फिरवला तर आत काहीतरी बदललं पाहिजे

कॅमेऱ्याच्या डायलवर 250 हा आकडा कोरलेला असेल आणि खूण त्याच्यासमोर असेल, तर शटर सेकंदाच्या अडीचशेव्या हिश्श्यापुरतंच उघडलं पाहिजे. यात वाद घालण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. ड्रॉइंगवर एक माप आणि व्हर्नियरवर दुसरं, असं दिसलं की तो पीस रिजेक्ट होतो, मग तो दिसायला कितीही देखणा असो. नव्या रेट्रो डिजिटल कॅमेऱ्याची वाट मी हीच नजर घेऊन बघतो आहे. दर काही महिन्यांनी अमुक कंपनीचा येतोय, तमुक कंपनीचा येतोय अशी आवई उठते, अर्धवट अंधारात काढलेलं एखादं चित्र फिरू लागतं, आणि मी ते मोठं करून फक्त एकच गोष्ट शोधतो. लेन्सभोवती अपर्चरची, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक लहानमोठं करणारी, रिंग आहे की नाही.

आमच्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात अशी नजर असणारे पुष्कळ आहेत. भोसरी, तळवडे, महाळुंगे, चाकण इथल्या शेडमध्ये माणसं दिवसरात्र गोल धातू कापतात. डायल म्हणजे दुसरं काय असतं? पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा गोल तुकडा, कडेला नर्लिंग, म्हणजे बोट घसरू नये म्हणून काढलेल्या बारीक खाचा, वर कोरलेले आकडे, त्या खाचांत भरलेला रंग आणि खाली स्प्रिंगवर बसवलेली बारीक गोळी. डायल फिरवला की ती गोळी एका खाचेतून निघून पुढच्या खाचेत पडते आणि बोटाला टक्क लागतं. खाच उथळ असेल तर डायल बॅगेत आपोआप फिरतो. खोल असेल तर अंगठा दुखतो. आणि बसण्याच्या जागेत मोकळीक राहिली तर प्ले येतो, म्हणजे आकडा खुणेसमोर असूनही डायल डुगडुगतो. आमच्याकडचा चांगला सेटर डोळे मिटून, नुसत्या बोटाने हे सगळं सांगेल. त्यामुळे ‘जुन्या कॅमेऱ्याचा अनुभव’ असं कोणी छापलं की आम्ही ते शब्दशः घेतो आणि तपासतो. तपासलं की रुखरुख सुरू होते.

निकॉनचा झेडएफ घ्या. सप्टेंबर 2023 मध्ये आला. चेहरामोहरा 1982 च्या एफएम2 वरून घेतलेला. एफएम2 म्हणजे बॅटरी काढून टाकली तरी सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत चालणारं यांत्रिक शटर; बॅटरी लागायची ती फक्त प्रकाश मोजायला. झेडएफचे वरचे डायल खरोखर पितळेचे आहेत, आणि त्याबद्दल कंपनीचे मनापासून आभार. पण आयएसओच्या डायलखालचा खटका ‘ए’ मोडवर नेला की शटरचा तो सुंदर पितळी डायल बिनकामाचा होतो. त्यावर 250 दिसत राहतं आणि आत कॅमेरा स्वतःला हवा तो वेग वापरतो. डायलवर ‘1/3 स्टेप’ नावाची आणखी एक जागा आहे. तिथे नेला की शटरचा सगळा कारभार कॅमेऱ्यावरच्या दुसऱ्या, आकडे नसलेल्या चाकाकडे जातो. म्हणजे ज्यासाठी पितळ कोरलं तेच बाजूला ठेवायची सोयही त्याच डायलवर.

त्याच्यासोबत मिळणाऱ्या 40 मिमी एफ/2 एसई लेन्सचं तर मला खरंच वाईट वाटतं. रिंगवरच्या खाचा जुन्या निक्कोर लेन्सच्या घाटणीच्या आहेत, फोटोत बघितली तर अपर्चरची रिंग आहे अशीच कोणाचीही समजूत होईल. ती नाही. म्हणून मग कॅमेऱ्याच्या डोक्यावर नखाएवढी खिडकी केली आणि तीत अपर्चरचा एफ-आकडा दाखवला. शिवाय या लेन्सची कॅमेऱ्यावर बसणारी बाजू प्लास्टिकची. वर पितळ, खाली प्लास्टिक. वजन कमी होतं, किंमत आटोक्यात राहते, ही कारणं मला समजतात. आम्हीही रोज ‘कॉस्ट डाऊन’च्या मीटिंगला बसतो. पण खर्च वाचवताना हाताला लागणारा भाग शेवटी कापायचा असतो, पहिल्यांदा नाही.

आणि कार्ड. झेडएफमध्ये दोन कार्डं बसतात, एक एसडी आणि एक मायक्रोएसडी, आणि दोन्ही बॅटरीच्या कप्प्यात. ट्रायपॉडची प्लेट लावली असेल तर झाकणाची पंचाईत होते. मायक्रोएसडी काढायचं तर नख वाढवायला हवं. इतक्या हौसेने, इतक्या पैशांत घेतलेल्या वस्तूत बोटाच्या पेराएवढं कार्ड चाचपडत शोधायला लागावं, ही गोष्ट लहान असेल, पण रोजची आहे.

फुजीफिल्मकडे डायलचा हिशेब सरळ आहे आणि ते मोकळेपणाने सांगायला हवं. 20 फेब्रुवारी 2024 ला जाहीर झालेल्या एक्स100व्हीआय ला लेन्सभोवती खरी रिंग आहे. रिंगवर ‘ए’ म्हणजे अपर्चर कॅमेऱ्याने ठरवायचं, शटरच्या डायलवर ‘ए’ म्हणजे वेग कॅमेऱ्याने ठरवायचा. दोन्हीकडे आकडे असतील तर मालक तुम्ही. कॅमेरा बंद असतानाही वरून एक नजर टाकली की सगळं कळतं. मला रेट्रो म्हणून हवं आहे ते एवढंच. तरी त्यातही आयएसओचे आकडे शटरच्या डायलमध्येच एका बारीक खिडकीत बसवलेत, आणि ते बदलायचे तर डायलचं बाहेरचं कडं उचलून फिरवावं लागतं. चाळिशीचा चष्मा लागलेल्या माणसाने सूर्य मावळताना ते करून बघावं.

फुजीची खरी अडचण वेगळीच, माल मिळत नाही. आधीचा एक्स100व्ही 2020 चा. दोन वर्षांनी तो मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून तरुण मुलांच्या डोळ्यांत भरला आणि दुकानांतून गायब झाला. वापरलेले कॅमेरे नव्याच्या किमतीपेक्षा महाग विकले गेले. नवा आला तोही वाट बघायला लावणाराच. त्यातच कंपनीच्या नव्वदीनिमित्त खास आवृत्ती काढली, तिचे नग 1934. का, तर कंपनीची स्थापना 1934 ची. उत्पादन किती काढायचं हे रांगेत किती माणसं उभी आहेत यावरून ठरवावं, सनावळीवरून नव्हे. आमच्या पीपीसीवाल्याने, म्हणजे उत्पादनाचं नियोजन करणाऱ्याने, असं शेड्यूल लावलं असतं तर दुपारच्या आत त्याला बोलावणं आलं असतं.

पण माझा सगळ्यात मोठा राग लिव्हरवर आहे. फिल्मच्या कॅमेऱ्यात फोटो काढला की अंगठ्याने लिव्हर ओढायची. फिल्म एक घर पुढे सरकायची आणि शटर ताणलं जायचं. मे 2025 मध्ये फुजीने एक्स हाफ आणला. 18 मेगापिक्सेल, 240 ग्रॅम, उभे फोटो, आणि अशीच एक लिव्हर. त्यात ‘फिल्म कॅमेरा’ नावाचा मोड आहे. 36, 54 किंवा 72 फोटोंचा रोल निवडायचा, रोल संपेपर्यंत फोटो बघायचे नाहीत, आणि दर फोटोनंतर लिव्हर ओढल्याशिवाय पुढचा निघत नाही. लिव्हर ओढल्यावर आत काय सरकतं? काहीच नाही. दोन फोटोंची जोडी लावायला तिचा उपयोग होतो, तेवढा तिला मान. लायकाने 2018 च्या एम10-डी ला तशीच दिसणारी लिव्हर दिली आणि ती निघाली अंगठा टेकवायची जागा.

खरी लिव्हर जमत नाही म्हणून असं होतं, असंही नाही. 2004 साली एप्सनने आर-डी1 काढला होता. सहा मेगापिक्सेलचा डिजिटल कॅमेरा, लिव्हर ओढल्याशिवाय फोटो निघायचा नाही. पण का, तर तिच्याने शटर खरोखर ताणलं जायचं. बॅटरी किती, फोटो किती उरले, हे वर घड्याळासारख्या काट्यांनी दाखवलेलं. वीस वर्षांपूर्वी खरी लिव्हर बनली होती. आज खोटी बनते आणि तिची जाहिरात होते, याचं मला मनापासून दुःख आहे.

जुन्या घाटाची नवी वस्तू प्रामाणिकपणे कशी करावी याचं उदाहरण आमच्या आकुर्डीत आहे. बजाजची चेतक स्कूटर 1972 ची. नंबर लावून लोक दहा-दहा वर्षं थांबले. ऑक्टोबर 2019 मध्ये तीच चेतक विजेवरची म्हणून दाखवली गेली, जानेवारी 2020 मध्ये पुण्यात आणि बंगळुरूत तिची नोंदणी सुरू झाली. गोल दिवा, फुगीर मागची बाजू, पत्र्याचं अंग. बघताक्षणी जुनी चेतक आठवते. पण तिला खोटी किक लावलेली नाही. डाव्या मुठीत खोटा गिअर ठेवलेला नाही. गाडी तिरकी करून पेट्रोल उतरवण्याचं सोंग करायला कोणी सांगत नाही. जे गेलं ते जाऊ दिलं, जे डोळ्याला आणि हाताला आवडायचं ते ठेवलं. कॅमेरा कंपन्यांच्या डिझाइनच्या लोकांनी एकदा जुन्या पुणे-मुंबई रस्त्याने आकुर्डीपर्यंत यावं, असं मला फार वाटतं.

वाट बघण्याचाही फरक आहे. चेतकसाठी थांबणाऱ्याला ती वस्तू माहीत होती; शेजाऱ्याची होती, मामाची होती, मागे बसून तो लग्नाला जाऊन आलेला होता. आम्हाला थांबायला सांगतात ती वस्तू आम्ही पाहिलेली नसते. दुकानदाराचं म्हणणं, “सर, आगाऊ रक्कम भरून ठेवा, पहिल्या लॉटमध्ये नाव घालतो.” मी विचारतो, डेमो पीस कधी येईल? तो सांगतो, डेमो मुंबईला असतो. मग आषाढीच्या आधी मिळेल असं कळतं. तुकोबांची पालखी देहूहून येऊन आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला थांबते, ती वर्षातून एकदा. त्या संध्याकाळचे फोटो पुढच्या आठवड्यात काढता येत नाहीत. आषाढी होते आणि फोन येतो तो एवढंच सांगायला की चंदेरी नाही, काळा आहे, आणि काळा हवा असेल तर बॅग आणि मेमरी कार्डासकट घ्यावा लागेल. बॅग माझ्याकडे आहे. कार्डंही आहेत. नको म्हटलं की नाव यादीत खाली जातं.

कॅमेरा हातात आला तरी कामाच्या दिवशी तो घरीच राहणार, ही आणखी एक बोच. चाकणला कारखान्याच्या गेटवर मोबाइलच्या लेन्सवर स्टिकर लावतात. नव्या मॉडेलचे भाग आत असतात, त्यामुळे ते बरोबरच आहे आणि मी विनातक्रार लावून घेतो. तो काढल्यावर काचेवर राहणारा चिकटा रोज शर्टाच्या टोकाने पुसतो. कॅमेरा मात्र बॅगेतसुद्धा चालत नाही आणि गेटवर ठेवायला लॉकर नाही. एकदा एका मित्राचा एफएम2 चुकून माझ्या बॅगेत राहिला होता. सिक्युरिटीच्या काकांनी तो हातात घेतला, लिव्हर ओढली, शटर दाबलं, पुन्हा लिव्हर ओढली आणि विचारलं, “साहेब, याचा रोल मिळतो का अजून?” मिळतो म्हटलं. गेटपास काही मिळाला नाही. मला परत जाऊन तो बसच्या ड्रायव्हरकडे ठेवावा लागला. पण त्या माणसाने दहा सेकंदांत जे तपासलं ते तपासायची संधी मला पैसे भरूनही मिळत नाही. पहिल्या शिफ्टला जाताना मोशीच्या पुढे इंद्रायणीच्या पुलावर जो उजेड असतो त्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही, कारण बस तिथे थांबत नाही.

मागणी साधी आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये कोणत्याही एका दुकानात, नव्या कॅमेऱ्याचा एक नमुना दहा मिनिटं हातात द्या आणि मग आगाऊ रक्कम मागा. मी शटरचा डायल फिरवून प्ले बघेन. सगळे मोड लावून कोरलेला आकडा आणि आतला आकडा जुळतो का ते बघेन. लिव्हर असेल तर ती ओढून आत काय होतं ते विचारेन. मग तळाचं झाकण उघडेन. कार्ड बॅटरीशेजारी निघालं तर तेवढ्यावरून मी कॅमेरा परत देणार नाही, नख वाढवीन. लेन्सला अपर्चरची रिंग नसेल तर मात्र तिथेच काउंटरवर ठेवीन, आणि यादीतलं माझं नाव पुढच्या कॅमेऱ्यासाठी तसंच राहू द्या म्हणून सांगेन.