टाकू का, की बघायचंय?

पावसाळ्यात घराघरांत न बोलावता येणारी मंडळी फार. कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरट थर, लोणच्याच्या वरच्या फोडींवर कापूस, पावावर हिरवे-काळे ठिपके. बहुतेक घरांत यावर ‘शी!’ एवढाच शेरा पडतो आणि वस्तू कचऱ्यात जाते. आमच्याकडे मध्ये एक प्रश्न येतो : ‘‘टाकू का, की तुम्हाला बघायचंय?’’ बुरशी बघण्याचा नाद असलेल्या नवऱ्याला याहून मोठा अहेर नाही.

पक्षी बघणाऱ्यांना पहाटे उठून भिगवण गाठावं लागतं. बुरशी घरपोच येते, तीही आपण उठल्यावर. शाळेत असतो तसला सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, पाण्याचा थेंब आणि पारदर्शक चिकटपट्टी एवढं पुरतं. चिकटपट्टी बुरशीवर अलगद टेकवायची, काचपट्टीवरच्या थेंबावर चिकटवायची आणि चारशेपट मोठं करून बघायचं.

सुरुवात कांद्यापासून करावी. वरच्या सालीखाली काजळीसारखी भुकटी असते आणि आपण ती नळाखाली धुऊन टाकतो. ती बहुधा अ‍ॅस्परजिलस नायजर. भिंगाखाली एक उंच देठ दिसतो, त्यावर गोल डोकं आणि डोक्यातून चहूकडे सुटलेल्या बीजाणूंच्या माळा. एकेक बीजाणू मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान.

रॉबर्ट हूकने १६६५ साली लंडनमध्ये पुस्तकाच्या चामडी बांधणीवरची बुरशी अशीच भिंगातून पाहिली आणि तिचं सुरेख चित्र छापलं. बी मात्र त्याला सापडेना, म्हणून ही सडण्यातूनच आपोआप उगवते, असं त्याने ठरवून टाकलं. पुढे इटलीच्या मिकेलीने बुरशीची भुकटी खरबुजाच्या फोडींवर पेरली. जी पेरली तीच उगवली. हे त्याने १७२९ साली प्रसिद्ध केलं. चांगल्या खरबुजाचं असं केल्यावर त्याच्या घरात काय बोलणी झाली, हे कुठल्याही इतिहासकाराने लिहून ठेवलेलं नाही.

पीटर नावाच्या सशाची गोष्ट लिहिणाऱ्या बिअ‍ॅट्रिक्स पॉटरही आधी आमच्याच पंथातल्या. अळंबीचे बीजाणू कसे रुजतात यावरचा त्यांचा निबंध १८९७ साली लंडनच्या लिनियन सोसायटीत मांडला गेला, पण बायकांना सभेला मज्जाव असल्याने त्या स्वतः तिथे नव्हत्या. सोसायटीचं नुकसान झालं आणि मुलांचा फायदा.

माझा सर्वांत लाडका मात्र शेणावर उगवणारा पायलोबोलस. उंची सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर, पण उजेडाकडे मान वळवून, पाण्याने फुगलेल्या फुग्याच्या दाबावर तो बीजाणूंची काळी टोपी दोन मीटरपर्यंत उडवतो. ती शेणापासून लांब, ताज्या गवतावर पडली की गाय गवताबरोबर ती खाते आणि बीजाणू पुन्हा शेणात पोचतात. हा सोहळा पाहायला शेण झाकणाच्या डब्यात काही दिवस ठेवावं लागतं. ज्या आईचं बालपण शेणाने सारवलेल्या घरात गेलं, तिनेच यावर बंदी घातली आहे.

सगळीकडे असं कौतुक करून चालत नाही. गव्हावरच्या तांबेऱ्याचे नारिंगी, काटेरी बीजाणू फार देखणे असतात, पण शेताच्या बांधावर हे बोलू नये. ज्याचं पीक गेलं त्याला त्यात सौंदर्य दिसत नाही. महाबळेश्वरला आपण स्ट्रॉबेरी खायला जातो, तिथेच गव्हाच्या या रोगावर काम करणारं संशोधन केंद्रही आहे.

दमा किंवा अ‍ॅलर्जी असलेल्यांनी हा नाद करू नये. बाकीच्यांनीही नाकाला मास्क लावावा. पुढच्या वेळी पाव टाकण्याआधी चिकटपट्टीचा एक तुकडा त्यावर टेकवून बघा. मग मात्र तो नक्की टाका. ठिपका कापून उरलेला खाण्याची काटकसर नको, कारण बुरशीचे तंतू ठिपक्याच्या बरेच पुढे, आतपर्यंत गेलेले असतात.