कुशल हात, अकुशल हात

मालवणात म्हातारी अंथरुणाला खिळली की मुंबईचा चाकरमानी दोन कागद काढतो: नर्सिंग ब्युरोचा करारनामा आणि आरोग्य विम्याची पॉलिसी. करारात 'कुशल शुश्रूषा' असं भारदस्त लिहिलेलं असतं. पॉलिसीत मात्र वगळलेल्या खर्चांच्या यादीत पाचवा संकेतांक गाठावा. आंघोळ घालणं, कपडे चढवणं, हिंडवणं-फिरवणं हे नोंदणीकृत नर्सने केलं तरी पैसे नाहीत, अकुशल माणसाने केलं तरी नाहीत. घरी नाहीत, शुश्रूषागृहातही नाहीत. एवढी समानता राज्यघटनेलाही साधलेली नाही!

शेजारची वहिनी मात्र रोज पेज भरवते, कूस बदलते, पाठीला पावडर लावते. म्हातारीच्या पाठीवर एक जखम नाही. पण वहिनीला विचारलं, "गो, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी खंय आसा तुझी?" तर ती हसून पेजेत मीठ घालते.

या सगळ्या कागदांत 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 तेवढं कामाचं. सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर, अट मोडली तर न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येतं. तेव्हा बक्षीसपत्र करताना 'कुशल'बिशल राहू द्या. पेज किती वाजता आणि रात्री कूस कोण बदलणार, एवढं लिहून घ्या.