दिवंगतांना कामाला लावण्याची कृती

निचो म्हणजे पुढून काच किंवा दोन कवाडं असलेली, पत्र्याची नाहीतर लाकडाची चिमुकली देवळी. मेक्सिकोत तीत आधी संत बसत, पुढे सांगाडेही राहायला आले. हौशी वाचकांसाठी तिची शास्त्रशुद्ध कृती देत आहोत. (कवाडं उघडताच मजल्यामजल्यावर माणसं आणि गुरंढोरं खच्चून भरलेली पेटी हवी असेल, तर ती पेरू देशातल्या आयाकुचोची. चौकशी तिकडे करावी.)

साहित्य : रिकामा पत्र्याचा डबा, पत्रा कापायची कातर, कानस, ऑइलपेंट, पतंगाचा कागद, गोंद, मातीचा एक सांगाडा आणि एक दिवंगत नातेवाईक.

१. नातेवाईक. निवडलेली व्यक्ती खरोखर गेली आहे, याची आधी खात्री करून घ्यावी. हयात सासूबाईंचा फोटो अनवधानाने लागल्यास पुढच्या पायऱ्या गाठण्याची शक्यता कमी.

२. डबा. वाहाका शहरातले कारागीर पत्रा ठोकून, उठाव काढून त्यावर झगझगीत रंग चढवतात. आपण बिस्किटांचा डबा कापावा. कडा कानशीने मोडून घ्याव्यात, नाहीतर देवळीत बसणाऱ्यांची संख्या वाढेल.

३. रंग. राणी, नारिंगी, मोरपिशी. शेजारच्या काकू ‘जरा भडक झालंय’ म्हणाल्या, की आणखी एक हात मारावा.

४. सांगाडा. हा रिकामा बसलेला चालत नाही. त्याने सायकल चालवावी, लग्न लावावं, दाढी करावी. ही शिस्त रुजवण्यात होसे ग्वादालुपे पोसादा (१८५२–१९१३) या चित्रकाराचा हात मोठा. त्याने युरोपीय थाटामाटाची नक्कल करणाऱ्या बायकांची टर उडवण्यासाठी एका कवटीला पिसांची भलीमोठी टोपी घातली. स्वतः पोसादा दारिद्र्यात गेला. कवटीचं मात्र बरं चाललं. १९४७ सालच्या भित्तिचित्रात दिएगो रिवेराने तिला अंगभर पोशाख दिला, एका बाजूला पोसादाला उभं केलं आणि दुसऱ्या बाजूला तिचा हात धरून स्वतः लहान मुलगा होऊन उभा राहिला. तेव्हा टोपीत काटकसर नको.

५. झालर. पुएब्ला राज्यातल्या सान साल्वादोर विश्कोलोत्ला गावात पातळ कागदांची चळत रचून, पटाशीवर हातोडी मारत पक्षी, फुलं, कवट्या कोरतात. आपण नखं कापायची कात्री घ्यावी आणि जे कापलं जाईल त्याला पक्षी म्हणावं.

६. झेंडू. २ नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवशी तिकडे झेंडूचा खच पडतो. झाड मूळचं तिथलंच, दसऱ्याला आपण ते हक्काने वापरतो. मात्र काचेआड ओलं फूल ठेवू नये, बुरशी धरते. कागदाचं करावं.

७. नवस. कडेला पत्र्याचे इवलेसे हात, पाय, डोळे, हृदय ठोकतात. जो अवयव बरा झाला किंवा व्हावा, तो. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हातपाय वाहताना पाहिलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. आमच्या वाचकांचं वय पाहता गुडघे जास्तीचे करून ठेवावेत.

८. ऐवज. सर्वांत अवघड पायरी. मेक्सिकोत मृतांसमोर त्यांच्या आवडीचं मांडतात. गोड पाव, मोले नावाचा रस्सा, प्रसंगी टकीला आणि सिगारेटही. आपण मात्र माणूस गेल्यावर त्याला चंदनाचा हार घालून तात्काळ निर्व्यसनी करतो. तो हार इथे चालणार नाही. आजोबांना तपकिरीची डबी द्या, आत्याला रमीचे पत्ते, काकांना शेजाऱ्याकडून आणलेलं आणि परत न दिलेलं वर्तमानपत्र.

तपासणी. पाहुणे ‘वा, छान’ म्हणाले, तर काम फसलं. मोठी मावशी चष्मा लावून, नाक काचेला टेकवून ‘नाना डबी डाव्या हातात धरायचे रे’ म्हणाली, तर साधलं. वाद न घालता सांगाड्याचा हात उखडावा आणि दुसऱ्या बाजूला चिकटवावा. थोड्याच वेळात धाकटी मावशी येऊन उजवा म्हणेल.