आमचा गळत नाही

कुत्रा पाळणाऱ्यांमध्ये एक पंथ आहे. ‘आमचा गळत नाही’ हा त्यांचा जप. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना त्या पंथाचे महंतच म्हणायला हवं. घरात पिवळसर लॅब्रॅडॉर, नाव ब्रुनो, वजन तीसेक किलो. ‘केस फार गळत असतील ना हो?’ असं कुणी विचारलं की काकांचा चेहरा पडतो. ‘छे! फक्त सीझनमध्ये.’ हा सीझन संक्रांतीला सुरू होतो आणि मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारपर्यंत चालतो. त्यानंतर जे दिसतात ते मागची शिल्लक.

काका अडाणी आहेत अशातला भाग नाही. लॅब्रॅडॉरच्या अंगावर दोन थर असतात, वर राठ केस आणि खाली मऊ लोकर, हे मला त्यांनीच समजावलं. थंड देशांत दिवस लहानमोठा होतो तशी वर्षातून दोनदा जोरात झड होते. आपल्याकडे रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट, त्यामुळे कुत्र्याचं पंचांग बिघडतं आणि तो बारा महिने थोडा थोडा झडतो. मे महिन्यात कुणी लॅब्रॅडॉरचं मुंडण करून आणलं तर काका खवळतात, आणि ते बरोबरच आहे. तो कोट उन्हापासूनही वाचवतो, आणि भादरल्याने गळणं थांबत नाही, गळणारे केस आखूड होतात एवढंच. आखूड केस कापडात घुसले की काट्यासारखे रुततात. हे सगळं सांगून झाल्यावर काका पुस्ती जोडतात, ‘म्हणजे, इतरांच्या कुत्र्यांबद्दल बोलतोय मी.’

न गळणाऱ्या केसांसाठी घरात केवढा सरंजाम! दारामागे चिकट रोलर, तो संपला तर सेलोटेप. सोफ्यासाठी भांडी घासायचा रबरी हातमोजा: जरासा ओला करून एकाच दिशेने ओढायचा, की केसांची वळकटी होऊन वर येते. गालिच्यावर बाथरूमचा वायपर. केरसुणीला मात्र सक्त बंदी, कारण ती केस गोळा करत नाही, नुसते या खोलीतून त्या खोलीत पाठवते. आधी ओलं फडकं, मग बाकीचं. कपडे मशिनमध्ये टाकण्याआधी गॅलरीत कोरडेच झटकायचे. एकदा भिजले की केस कापडाला चिकटतात आणि मशिनची जाळी तुंबते. यातलं बहुतेक काम काकू करतात. काका ‘उलट्या दिशेने नको, उलट्या दिशेने नको’ असं पेपराआडून सांगतात. ब्रुनोला विंचरायचं खातं तेवढं त्यांच्याकडे आहे. रोज सकाळी गॅलरीत विंचरतात, आणि निघालेला पुंजका कुंडीत ठेवतात. ‘पक्ष्यांना घरट्याला लागतं.’ (कुत्र्याला पिसवांचं औषध लावत असाल तर हे दान करू नका, ते पिल्लांना बाधतं. काकांना सांगितलं, तर म्हणाले, ‘पिसवा? आमच्याला?’)

घराचे रंगही हळूहळू ब्रुनोला शरण गेले आहेत. सोफा बदामी, पडदे बदामी, काकूंच्या साड्याही बदामीकडे झुकल्यात. मुलाच्या लग्नात शिवलेला काळा बंदगळा तेवढा हटून बसलाय. तो घालून काका निघाले की पाठीवर लोकरीची अख्खी शाल पांघरल्यासारखे दिसतात. जिन्यात मी एक केस उचलून दाखवला. काका शांतपणे म्हणाले, ‘माझा असेल.’ काकांच्या डोक्यावर औषधालाही केस नाही.

दसऱ्याला त्यांच्याकडे जेवायला होतो. काकूंचं घरी टांगलेल्या चक्क्याचं श्रीखंड; वाटीत वर एक सोनेरी काडी, जरा वळलेली. मी चमचा अडवून धरला. काकांनी चष्मा वर केला, निरखून पाहिलं आणि म्हणाले, ‘केशर आहे हो. काश्मिरी.’ काकूंनी न बोलता माझी वाटी उचलली आणि दुसरी आणून ठेवली. पहिली काकांनी संपवली. श्रद्धा म्हणतात ती हीच.

मागच्या महिन्यात प्रकरण सोसायटीच्या मीटिंगमध्ये गेलं. लिफ्टच्या कोपऱ्यात केसांचे गोळे फिरतात, चौथ्या मजल्यावरच्या आजींना शिंका येतात, अशी तक्रार. काका उठले. अ‍ॅलर्जी केसांची नसतेच, कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांची असते, असा पाच मिनिटांचा बिनचूक खुलासा त्यांनी केला. कोंडा लिफ्टमध्ये येतो तो केसांवर बसूनच, असं आजी म्हणाल्या, आणि सभा हसली. मग सेक्रेटरींनी खिशातून सेलोटेपचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. त्यावर लिफ्टमधला केस, लांब, पिवळसर. काकांनी तो ट्यूबलाइटपुढे धरला, तिरका केला, पुन्हा सरळ केला. सगळे थांबले होते.

‘हा आमचा नाही,’ काका म्हणाले. ‘आमच्याला जास्त चमक आहे.’