हौशी कारागिराची पाच वाक्यं

घरात ड्रिल मशीन आलं की घरातला एक माणूस आपोआप कारागीर होतो. खोक्यातली सूचनापुस्तिका वॉरंटी कार्डासोबत कपाटात जाते, ती कायमचीच. तिच्या जागी ही मार्गदर्शिका. अपघाताच्या आधी यंत्र कुरकुरेलच असं नाही, पण माणूस काहीतरी बोलतोच. म्हणून नवशिक्याने खालची पाच वाक्यं तोंडपाठ करावीत. यांतलं एकही आपल्या तोंडून निघालं, तर बटण सोडावं, प्लग काढावा आणि मग पुढचं वाचावं.

१. “एकच तर भोक आहे!”

हे वाक्य डुगडुगत्या स्टुलावर चढून, बनियनवर, उघड्या डोळ्यांनी उच्चारायची प्रथा आहे. भोक एकच असतं हे खरं, पण त्यातून उडणारे कण मोजून येत नाहीत. नंबरचा चष्मा पुरत नाही, कण कडेने शिरतात. दोन्ही बाजू झाकणारा गॉगलच लागतो. सिमेंट-विटांच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात मुक्कामाला येते. नाकावर बांधलेला रुमाल तिला अडवत नाही, त्यासाठी धुळीचा मास्क हवा.

हातमोजे घालून ड्रिल चालवणं दिसायला जबाबदारीचं वाटतं. प्रत्यक्षात फिरता बिट मोजा पकडतो आणि मोज्यासोबत आतली बोटंही ओढून नेतो. सैल बाही, ओढणी, मनगटातला गंडा आणि मोकळे केस यांनाही हाच नियम. आणखी एक : भिंतीतली वायर बहुधा स्विचबोर्डापासून सरळ वर किंवा सरळ खाली जाते. आजोबांचा फोटो नेमका बोर्डाच्या डोक्यावर लावायचा हट्ट असेल, तर तो आधी सोडावा.

२. “पिन बसत नाहीये, काडी दे इकडे.”

वायरची दोन टोकं सोलून सॉकेटमध्ये घालायची आणि काडेपेटीच्या काड्या ठोकून घट्ट करायची, ही कला आपल्याकडे पिढीजात आहे. तिचा पुढचा टप्पा म्हणजे थ्री-पिनची जाडी पिन पकडीने मोडणं. ती पिन अर्थिंगची. तिच्यावाचून यंत्र चालतं, म्हणून ती फालतू वाटते. ज्या यंत्राला मुळातच दोन पिना आहेत, त्याच्या पट्टीवर चौकोनात चौकोन ही खूण शोधावी. त्या यंत्राला दुहेरी इन्शुलेशन असतं, त्याला अर्थिंग लागत नाही. बाकीच्यांना लागतं.

“एमसीबी आहे ना!” हे या वाक्याचं उपवाक्य. एमसीबी वायरिंगला वाचवतो. 16 ॲम्पियरचा एमसीबी त्याहून जास्त प्रवाह गेल्याशिवाय हलत नाही, आणि माणसाच्या जिवाला त्याचा पाचशेवा हिस्साही धोक्याचा असतो. माणसासाठी असतो तो आरसीसीबी. 30 मिलीॲम्पियरची गळती झाली की तो सेकंदाच्या अंशात वीज तोडतो. त्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण मधूनमधून दाबून पाहावं. दाबल्यावर घरातली टीव्ही मालिका बंद पडली, तर उपकरण उत्तम स्थितीत आहे.

३. “प्लग कशाला काढू? दोन सेकंदांचं काम आहे.”

बिट बदलणं हे ते काम. एक हात चकवर, दुसऱ्यात चावी, यंत्र मांडीवर, आणि बटणाशी नेमका कोणाचा तरी गुडघा. चकमध्ये राहिलेली चावी यंत्र सुरू होताच भिरकावली जाते. कुठे, हे आधी सांगता येत नाही.

बऱ्याच ड्रिलना बटण दाबलेलंच ठेवणारी कळ असते. ती अडकवलेली असताना वीज गेली की नवशिका यंत्र पलंगावर ठेवून चहाला जातो. अर्ध्या तासाने वीज येते, आणि गादीला भोक पाडायचं काम यंत्र स्वतःहून हाती घेतं.

४. “हे गार्ड मध्ये मध्ये येतं.”

येतंच. चकती आणि तुम्ही यांच्या मध्ये यावं याचसाठी ते बसवलेलं असतं. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेते, म्हणजे तिची कड ताशी 200 किलोमीटरच्या आसपास धावते. द्रुतगती मार्गावर मोटारीलाही एवढ्या वेगाची परवानगी नसते, आणि तिथे तुम्ही निदान पट्टा तरी लावलेला असतो.

चकती फुटली तर तुकडे याच वेगाने निघतात. म्हणून तडा गेलेली किंवा पडलेली चकती वापरू नये. मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीख असते, ती वाचावी. कापायच्या पातळ चकतीने घासू नये. ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं तर मुळीच लावू नये. दाते अडकले की यंत्र उसळून माणसाकडे वळतं. चकतीच्या रेषेत उभं राहू नये, दोन्ही हातांनी धरावं, आणि बंद केल्यावरही ती काही सेकंद फिरते, तेवढा वेळ ते खाली ठेवू नये.

५. “तू फक्त धरून ठेव.”

हे वाक्य बायकोला, धाकट्या भावाला किंवा शेजारच्या मुलाला उद्देशून असतं. पत्र्यातून बिट आरपार जाताना अडकतो आणि पत्राच गरगर फिरू लागतो. धरणाऱ्याला ‘फक्त’चा अर्थ तेव्हा कळतो. धरायचं काम शिकंजाचं किंवा सी-क्लँपचं. त्याला घाम येत नाही, तो मोबाइल पाहत नाही, आणि नंतर माहेरी काही सांगत नाही.

समारोप

पाचही वाक्यांचा अर्थ एकच : काम लहान आहे. ते लहान आहे हे यंत्राला कोणी सांगितलेलं नसतं. ते 230 व्होल्टवर, आपल्या पूर्ण वेगाने चालतं. तेव्हा पाच मिनिटांच्या कामाला वीस मिनिटांची तयारी लागली, तर घरच्यांचे टोमणे ऐकून घ्यावेत.

काम झालं की प्लग काढून मोजणी करावी : बिट, चकची चावी, बोटं. पहिल्या दोन वस्तू हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.