नकाशा न मागणाऱ्यांचा गौरव

यवतमाळातून बाहेर पडणारा कोणताही रस्ता धरा. आर्णी रोड घ्या, दारव्हा रोड घ्या, धामणगाव रोड घ्या. गेल्या हंगामापर्यंत जिथे पऱ्हाटी उभी होती, तिथे आता कमान उभी असते. कमानीवर एखाद्या देवाचं नाहीतर फुलाचं नाव आणि पुढे 'नगर' किंवा 'पार्क'. आत मुरमाचा रस्ता, चुन्याच्या रेषा, आणि त्या रेषांच्या मधोमध डोक्याला रुमाल बांधून उभा असलेला आपला माणूस. बायकोला तो सांगत असतो, "इथं हॉल येईल, इथं किचन. अन् समोर गार्डन."

या माणसाबद्दल आजवर कोणी चांगलं लिहिलेलं नाही. ग्राहकांची बाजू घेणारे त्याला 'जागा हो' म्हणतात, वकील त्याला 'आधी का नाही आलात' म्हणतात, आणि मेहुणा तर काय काय म्हणतो. पण आपल्या जिल्ह्यातल्या शहरांची जी काही वाढ झाली, ती या माणसाच्या एका गुणावर झाली. तो नकाशा मागत नाही.

सातबारा दाखवला तर पाहतो. इसारचिठ्ठीवर बोट ठेवलेल्या जागी सही करतो. पण नगररचना विभागाचा शिक्का असलेला मंजूर नकाशा दाखवा, असं म्हणणं त्याच्या स्वभावात नाही. रविवारी ज्यांनी आपल्या गाडीतून साइटवर आणलं, वाटेत चहा पाजला, त्यांच्यावर असा अविश्वास दाखवायचा म्हणजे संस्कार कुठे गेले? त्याला रंगीत माहितीपत्रक मिळालेलं असतं. त्यात कारंजं असतं, विदेशी दिसणारं एक कुटुंब असतं, आणि 'चोवीस तास पाणी' असतं. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या दोन्ही धरणांनी तळ दाखवला, तेव्हा याच शहराने टँकरमागे रात्री काढल्या. त्या शहरात राहून 'चोवीस तास पाणी' हे शब्द शांतपणे वाचणं, आणि वर त्यासाठी चौरस फुटामागे जास्त पैसे मोजणं, ही साधी गोष्ट नाही. रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीत खोटं आढळलं तर भरपाई मागता येते. पण त्यासाठी माहितीपत्रक जपून ठेवावं लागतं. ते तर वास्तुशांतीच्या आधीच पापडाच्या डब्याखाली गेलेलं असतं.

आता त्या गार्डनकडे येऊ. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर लेआउट टाकला की दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. चार हजार चौरस मीटर म्हणजे साधारण एक एकर. हे वाचताना गरीब बिचाऱ्या लेआउट पाडणाऱ्याला काय वाटत असेल, याचा नियम करणाऱ्यांनी विचार केलेला दिसत नाही. पाच एकरांचं शेत घेतलं तर त्याचे दहा टक्के होतात २१,७८० चौरस फूट. दीड हजार फुटांचा एक प्लॉट धरला तर चौदा प्लॉट. चौदा कुटुंबांना बेघर ठेवून तिथे म्हणे पोरांनी लपाछपी खेळायची! लेआउटवाल्यांचं मन इतकं कठोर नसतं. एका लेआउटमध्ये असं कळलं की कागदावर जिथे खुली जागा, तिथेच तीन प्लॉट विकले गेले. विकणाऱ्याला कोणी विचारलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "खुलीच तर होती ना बापा!" यावर समोरच्यांना काहीच बोलता आलं नाही.

विकली गेली नाही, तरी ही जागा रिकामी राहत नाही. पहिल्या पावसात तिथे गाजरगवत येतं. मग शेजारचा एक गृहस्थ बांधकामाची उरलेली गिट्टी तिथे टाकतो, दुसरा गाय बांधतो. चारचाकी आली की पत्र्याचं शेड येतं. आणि मग एखाद्या हनुमान जयंतीला एक दगड शेंदरी दिसू लागतो. पुढच्या वर्षी ओटा, त्याच्या पुढच्या वर्षी सभामंडप, आणि सभामंडपाला लोकप्रतिनिधीच्या निधीतून फरशी. सार्वजनिक जागेवर नवी अनधिकृत धार्मिक बांधकामं होऊ देऊ नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ ला दिला. तो दगडाला कोणी वाचून दाखवला असेल असं वाटत नाही. यात फायदा कोणाचा, असं विचारणारे कोते मनाचे. फायदा सर्वांचा. लेआउट पाडणाऱ्याला आता गार्डन करावं लागत नाही, नगर परिषदेला त्याची देखभाल करावी लागत नाही, आणि रहिवाशांना तक्रार करावी लागत नाही, कारण मारुतीविरुद्ध तक्रार कोण करणार?

खरेदीखताची चतुःसीमा मात्र वाचण्यासारखी असते. 'पूर्वेस : लेआउटची खुली जागा.' हा प्लॉट 'गार्डन फेसिंग' म्हणून जास्त दराने गेलेला असतो. दहा वर्षांनी पूर्वेस काय आहे, हे पाहायला घरमालक पूर्वेची खिडकी उघडतो आणि समोरच्या भिंतीला ती लागते. पण खताप्रमाणे पूर्वेस खुली जागाच असते, आणि कागद खोटं बोलत नाही.

नियम मोडण्यात यवतमाळचा माणूस मागे नाही, हे सर्वांना माहीत आहे. पण नियम करण्यातही आपण मागे नव्हतो, हे विसरलं जातं. महाराष्ट्राचा नगररचना कायदा आणि जमीन महसूल संहिता हे दोन्ही कायदे १९६६ चे. तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. जमीन कुठे येलो झोनमध्ये, कुठे ग्रीनमध्ये, शेतजमीन अकृषक कशी करायची, विकास आराखड्यावर हरकत कधी घ्यायची, हे सगळं या दोन कायद्यांखाली ठरतं. आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा असला तरी सूचना छापून लोकांना हरकतीसाठी महिनाभर द्यावा लागतो. ही सूचना वर्तमानपत्रात येते, हे खरं आहे. दशक्रिया विधी आणि 'हरवले आहे' यांच्या शेजारी ती येते. ती वाचणारा माणूस आपल्या गौरवाचा धनी नव्हे, म्हणून त्याच्याबद्दल इथे काही लिहीत नाही.

शहराच्या हद्दवाढीआधीचा काळ आणखी रम्य होता. वडगाव, लोहारा, वाघापूर, उमरसरा ही गावं यवतमाळ नगर परिषदेच्या हद्दीत यायच्या आधी तिथे ग्रामपंचायत होती. परवानगीसाठी नगररचना कार्यालयाच्या पायऱ्या झिजवायची गरज नसे. नमुना आठवर नाव चढलं की माणूस मालक झाला, असं गाव समजे. हद्दवाढ झाली आणि हे सगळे लेआउट नगर परिषदेच्या पदरात पडले. रस्ता नाही, नाली नाही, खांब आहे पण दिवा नाही. नगर परिषद म्हणाली, लेआउट आमच्याकडे हस्तांतरित झालेलाच नाही. लेआउटवाला म्हणाला, मी तर केव्हाच करून दिला. कर मात्र नियमितपणे आकारला जातो. या बाबतीत कोणताही वाद नाही.

सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका वसाहतीच्या खटल्यात असं सांगितलं की लेआउटमध्ये बाग म्हणून दाखवलेली जागा मूळ मालकाच्या नावावर असली तरी तो तिथल्या लोकांसाठी तिचा फक्त विश्वस्त उरतो. हा निकाल आपल्याकडे आचरणात आलेला आहे. विश्वस्त म्हटल्यावर त्या जागेचं काय चाललंय हे लोकांना सांगण्याची पद्धत आपल्याकडे कोणत्याच ट्रस्टमध्ये नाही.

प्रत्येक लेआउटमध्ये एक मात्र असा असतो, जो सगळ्यांचं स्वास्थ्य बिघडवतो. बहुधा तो निवृत्त शिक्षक असतो. वर्गात नकाशा लटकवून शिकवण्याची त्याला सवय असते, आणि घर बांधून झाल्यावर तो लेआउटच्या कार्यालयात जाऊन म्हणतो, "मंजूर नकाशाची एक प्रत द्या." कार्यालयात शांतता पसरते. मग लेआउटवाला स्वतः उठून खुर्ची देतो.

"सर, तुमाले नकाशा काऊन पाह्यजे? माह्यावर भरोसा नाही का?"

"भरोसा आहे, भाऊ. म्हणूनच मागतो. खुली जागा कुठं आहे तेवढंच पाह्यचं."

"खुली जागा ना? दाखवतो न तुमाले." आणि तो खिडकीतून हात करून क्षितिजापर्यंतचं शिवार दाखवतो.

सरांचं यानेही समाधान होत नाही. ते लेआउटमध्ये बैठक बोलावतात. बैठकीला सात जण येतात. त्यांतले दोघे पाणी कधी येणार हे विचारायला आलेले असतात, एक जण लेआउटवाल्याचा साडू असतो, आणि एकाच्या गाडीचं शेड त्या खुल्या जागेवरच असतं. सर रेराचं कलम १४ वाचून दाखवतात. मंजूर नकाशात बदल करायचा तर प्रवर्तक सोडून दोन तृतीयांश प्लॉटधारकांची लेखी संमती लागते, आणि कोणाकडे कितीही प्लॉट असले तरी त्याचं मत एकच. यावर साडू विचारतो, "सर, तुमाले रिटायर होऊन किती वर्सं झाली?" बैठक इथे संपते. संमती लेखी लागते, हे साडूने मनावर घेतलेलं असतं. पुढच्या महिन्यात तो एक कागद घेऊन दारोदार फिरतो. 'मंदिराच्या वर्गणीची यादी आहे' असं सांगतो आणि सह्या भराभर होतात. कागदाच्या वरच्या भागात काय लिहिलं आहे, हे वाचायचं म्हणजे पुन्हा तोच अविश्वास.

सरांसारखी माणसं नियंत्रणात ठेवली नाहीत तर काय होतं, याचं उदाहरण नोएडात आहे. सुपरटेक कंपनीने एमराल्ड कोर्ट नावाची वसाहत बांधली. मूळ नकाशात जिथे बाग होती, तिथे पुढे दोन मनोरे उभे राहू लागले. रहिवाशांनी मंजूर नकाशा मागितला. नोएडा प्राधिकरणाने समंजसपणे त्या अर्जाबद्दल बिल्डरलाच विचारलं, आणि बिल्डरने नकाशा द्यायला नको म्हटलं. इथे प्रकरण मिटायला हवं होतं. पण ते लोक उच्च न्यायालयात गेले, तिथून सर्वोच्च न्यायालयात खेचले गेले, आणि ३१ ऑगस्ट २०२१ ला निकाल लागला. २८ ऑगस्ट २०२२ ला सुमारे ३,७०० किलो स्फोटकं लावून दोन्ही मनोरे पाडले. शंभर मीटरच्या जवळपास उंचीचं बांधकाम काही सेकंदांत खाली आलं. एक नकाशा मागितल्याचा हा परिणाम. आपल्या शहरातल्या लोकांनी एवढं प्रदूषण कधीही होऊ दिलेलं नाही.

हा आजार जुना आणि परदेशी आहे. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधली बाग टल्क नावाच्या गृहस्थाने १८०८ साली विकली, तेव्हा अट घातली की ही जागा मोकळी राहील, तिच्यावर इमारत उठणार नाही. जागा हातोहात फिरत मॉक्सहे यांच्याकडे आली. त्यांनी म्हटलं, अट मी कुठे घातली? १८४८ मध्ये न्यायालयाने ठरवलं की अट माहीत असताना जागा घेतली, म्हणून अट पाळावी लागेल. आपल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४० मध्येही हा विचार उतरला. म्हणजे टल्कसाहेबांच्या हट्टापायी लंडनच्या ऐन मध्यावर आजही झाडं आहेत. तिथे केवढं मोठं मंगल कार्यालय झालं असतं!

सुदैवाने आपलं सरकार इंग्रजी न्यायालयासारखं हट्टी नाही. परवानगीशिवाय पाडलेले प्लॉट नियमित करणारा गुंठेवारी कायदा २००१ साली आला, तो १ जानेवारी २००१ पूर्वीच्या प्लॉटांसाठी. जे त्या तारखेनंतर चुकले, त्यांच्यावर अन्याय होत होता. २०२१ मध्ये दुरुस्ती करून ही तारीख ३१ डिसेंबर २०२० केली. ज्याने रांगेत उभं राहून अकृषक परवानगी घेतली, खुली जागा सोडली, रस्ते नियमाच्या रुंदीचे ठेवले आणि म्हणून ज्याचे प्लॉट महाग पडले, तो आता आपल्या कार्यालयात बसून हिशोब करत असतो. त्याचा हिशोब चुकलेला नाही, फक्त त्याने तारखेची वाट पाहिली नाही. नागपुरातही अनधिकृत लेआउटांची चर्चा ५७२ आणि १९०० अशा आकड्यांनी होते. आपण अजून त्या आकड्यांपर्यंत गेलेलो नाही, पण आर्णी रोडवर प्रयत्न चालू आहेत.

आता मूळ विषयाला येतो. हा सगळा डोलारा एका माणसाच्या भरवशावर उभा आहे, तो म्हणजे नकाशा न मागणारा. त्याने उद्या मंजूर नकाशा हातात घेतला, खुल्या जागेवर फीत टाकून लांबी-रुंदी मोजली आणि ती चतुःसीमेशी ताडून पाहिली, तर लेआउटवाले, त्यांचे साडू, शेड, गाय आणि सभामंडप या सगळ्यांची गैरसोय होईल. म्हणून वाचकांच्या नजरेस एक बाब आणून देणं भाग आहे. मंजूर लेआउटचा नकाशा हा सरकारी अभिलेख आहे. नगर परिषदेच्या किंवा नगररचना विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकारात साध्या कागदावर अर्ज केला तर त्याची प्रमाणित प्रत मिळते. अर्जाचं शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही, आणि उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. आपल्या लेआउटमध्ये कोणी असा अर्ज लिहीत बसलेला आढळला, तर त्याला वेळीच आवरावं, ही सर्व प्लॉटधारकांना नम्र विनंती.