उष्टी हवा

पुण्यात पारा दहाच्या खाली उतरला की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. खिडकी लावणाऱ्या पक्षाचे अध्यक्ष बाबा. निवडणूक चिन्ह कानटोपी. खिडकी उघडणाऱ्या पक्षाची अध्यक्ष माझी बायको, चिन्ह नाक. मी अपक्ष. बाबांनी सांगितलं की लावतो, बायकोनं सांगितलं की उघडतो, आणि मी फुटलेला आहे यावर दोन्ही पक्षांचं एकमत आहे.

बाबांची मोर्चेबांधणी दिवाळीचा आकाशकंदील उतरला की सुरू होते. सरकत्या खिडक्यांच्या फटींत जुने पंचे, दाराखाली गोधडीची सुरळी, वरच्या जाळीला पुठ्ठा. सर्दी, उसण, गुडघेदुखी आणि शेअर बाजाराची घसरण या सगळ्याचं मूळ त्यांच्या मते एकच, ‘वारं लागलं’. त्यामुळे सकाळी हॉलमध्ये लसणाची फोडणी, डांबरगोळ्यांतून नुकतेच उठलेले स्वेटर, ओव्याची पुरचुंडी, अमृतांजन आणि डासांची अगरबत्ती अशी संयुक्त सभा भरलेली असते. काल आमच्याकडे काय शिजलं ते दूधवाला दार उघडताच सांगतो.

गंमत म्हणजे आमचं घर उष्ट्या-खरकट्याच्या बाबतीत भलतं कडक. आई आजही तांब्या वर धरून पाणी पिते. चाटलेला चमचा भाजीत बुडवणाऱ्या पाहुण्याला आमच्याकडे पुन्हा जेवायला बोलावत नाहीत, फार तर चहाला. आणि तीच मंडळी रात्रभर दारंखिडक्या लावून एकमेकांची उष्टी हवा आनंदानं पोटात घेतात.

म्युनिकच्या माक्स फोन पेटेनकोफर या शास्त्रज्ञानं १८५८ मध्येच या उष्टेपणाचं माप काढलं. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजा, म्हणजे खोलीतली हवा माणसांनी किती वापरली ते कळेल, असं त्याचं म्हणणं. दहा लाख भागांत तो हजाराच्या वर गेला की हवा वाईट. हे मी बाबांना वाचून दाखवलं. दुर्दैवानं पुढचा परिच्छेदही वाचला. कॉलरा नुसत्या जंतूंनी होत नाही, हे सिद्ध करायला याच गृहस्थांनी १८९२ मध्ये कॉलऱ्याचे जंतू पोसलेला रस्सा पिऊन टाकला होता. वाचले, ही गोष्ट वेगळी. “असल्या माणसाचं ऐकून मी खिडकी उघडू?” असं म्हणून बाबांनी कानटोपी भुवयांपर्यंत ओढली.

मग मी माझ्या मावसभावाचा दाखला दिला. तो जर्मनीत राहतो. तिथे बाहेर बर्फ पडत असला तरी सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडून पुन्हा लावायची पद्धत आहे. घराच्या भाडेकरारातसुद्धा हे कलम सापडतं, कारण कोंडलेल्या दमटपणानं भिंतीवर बुरशी धरते. तेवढ्या वेळात हवा बदलते, पण ऊब भिंतींत आणि सामानात मुरलेली असते, ती जात नाही. “त्यांच्याकडे हीटर असतो,” बाबा म्हणाले. “आपल्याकडे मी आहे.”

फक्त एका खिडकीवर आमच्याकडे चर्चा होत नाही. गॅस गिझर असलेल्या न्हाणीघराच्या झरोक्यात बाबांनी एकदा वर्तमानपत्र कोंबलं, तेव्हा आई आणि बायको आयुष्यात पहिल्यांदा एका सुरात ओरडल्या. बरोबरच होतं. कोंडलेल्या जागी गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणूस अंगाला साबण लावता लावताच जातो. तो झरोका आता बाराही महिने उघडा असतो.

तशी खिडकी उघडायलाही वेळकाळ पाहावा लागतो. थंडीत पहाटे जमिनीलगत गार, जड हवा साचते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. कोपऱ्यावरची शेकोटी, जाळलेला कचरा, गाड्या यांचा धूर त्याखालीच अडकतो. म्हणून बायको घाई करत नाही. ऊन तापून झाकण सुटलं की दहा-अकराला ती समोरासमोरच्या खिडक्या उघडते. दिवेलागणीला दार उघडं ठेवावं, लक्ष्मी येते, असं आई म्हणते. पण आमची सोसायटी मुठेच्या काठी असल्यानं लक्ष्मीच्या आधी डासच येतात. मग पुन्हा सगळं बंद आणि रात्रभर उष्टी पंगत.

शेवटी मुलीनं कार्बन डायऑक्साइडचा मीटर मागवून हॉलमध्ये ठेवला. नेमके तेव्हाच धाकटे काका लग्नाला म्हणून गावाहून आले. गावच्या विहिरीच्या वाट्यावरून त्यांच्यात आणि बाबांत जुनं वितुष्ट आहे. बोलतात, पण तिसऱ्या माणसाकडे बघून. दोघांची अंथरुणं हॉलमध्ये. सकाळी मीटर २४००.

“म्हणजे काय?” बाबांनी विचारलं. मी सांगितलं, बाहेरच्या हवेत साधारण ४२०, सोडलेल्या श्वासात सुमारे ४०,०००. म्हणजे खोलीतला विसातला एक श्वास उष्टा.

बाबा निवृत्त गणित शिक्षक. लग्नपत्रिकेच्या मागे त्यांनी मांडणी केली. खोलीत माणसं दोन, म्हणून निम्मा उष्टा स्वतःचाच, तो चालेल. उरला चाळिसातला एक. मिनिटाला पंधरा श्वास, आठ तासांचे ७,२००, भागिले चाळीस.

“एकशे ऐंशी!” बाबा ताडकन उठले. “एका रात्रीत ह्याचे एकशे ऐंशी श्वास माझ्या पोटात?”

त्या रात्री पंचे निघाले, पुठ्ठा निघाला, जाळी तेवढी ठेवून खिडकी चांगली वीतभर उघडली गेली. काका कुडकुडत म्हणाले, “दादा, गार लागतंय रे.”

“पांघरूण घे,” बाबा पहिल्यांदाच थेट त्यांच्याकडे बघून म्हणाले. “विहीर घेतलीस. श्वास तरी माझा मला घेऊ दे.”